संसर्गजन्य आजारांचे तज्ज्ञ डॉक्टर घडतात कसे, आणि ते कोल्हापुरात का घडू नयेत?

शाहूपुरीकर (धागाकर्ता)

आमच्या युनिटमधली एमडी मेडिसिनच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी पुढे डीएम इन्फेक्शिअस डिसीज, म्हणजे संसर्गजन्य आजारांची सुपरस्पेशालिटी, करायचं म्हणतेय. कार्डिओलॉजी मिळण्यासारखे मार्क आहेत, तरीही. घरून पहिला प्रश्न आला, "तापाची डॉक्टर व्हायला आणखी तीन वर्षं कशाला?" आमच्या व्यवसायातली बरीच मंडळीही हेच विचारतात. तिच्या घरच्यांना मी जे सांगितलं ते इथं सविस्तर लिहितो. या शाखेत शिकणारे आणि शिकवणारे कोणी इथं असतील तर त्यांनी भर घालावी.

आधी मार्ग. एमबीबीएस, मग तीन वर्षांचं एमडी, मग तीन वर्षांचं डीएम. प्रवेश नीट-एसएस परीक्षेतून, आणि एम्ससारख्या संस्थांसाठी आयएनआय-एसएस ही वेगळी परीक्षा. राष्ट्रीय बोर्डाचं डीआरएनबी हा याच शाखेचा दुसरा तीन वर्षांचा मार्ग, शिवाय दोन वर्षांची एफएनबी फेलोशिप. दिल्लीचं एम्स आणि वेल्लोरचं सीएमसी ही नावं यात पहिल्यांदा घेतली जातात. देशभरच्या जागा कार्डिओलॉजीच्या मानानं अगदीच थोड्या.

आता शिकवतात काय? या डॉक्टरकडे स्वतःचा असा अवयव नसतो. हृदयवाल्याकडे हृदय, किडनीवाल्याकडे किडनी. याला मेंदूपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत कुठंही बोलावणं येतं. डायबेटिक फूट, गुडघ्याच्या सांध्यात बसवलेल्या इम्प्लांटचं इन्फेक्शन, किडनी बदललेल्या पेशंटचा ताप, आयसीयूत व्हेंटिलेटरवरचा न्यूमोनिया, गरोदर बाईची कावीळ, औषधांना दाद न देणारा टीबी, एचआयव्ही. त्यामुळे त्याचं शिक्षण तीन ठिकाणी व्हावं लागतं: वॉर्डात, मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये आणि जिथून आजार आला त्या गावात. यातलं एक जरी राहिलं तरी डिग्री मिळेल, पण पेशंटला त्याचा उपयोग अर्धाच होईल.

या तीनपैकी पहिलं आणि तिसरं कोल्हापुरात भरपूर आहे, हे आपल्याला दिसतच नाही. पंचगंगेचा पूर आणि त्यामागून येणारा लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस. उसाच्या फडात उंदीर, आणि पाचटानं कापलेल्या हातापायांनी काम करणारे मजूर. घरोघरी म्हशी. तालमी. गडहिंग्लज-चंदगडकडचा डोंगरपट्टा. आणि शहरातल्या आयसीयूंमध्ये कुठल्याच अँटिबायोटिकला न जुमानणारे जंतू. दिल्लीत शिकणाऱ्या मुलाला लेप्टो कमी दिसतो. आपल्या निवासी डॉक्टरांसमोर हे पेशंट रोज पडलेले असतात, पण शेजारी उभं राहून शिकवणारा नसतो.

एकच उदाहरण देतो. पावसाळा सरता सरता राधानगरी भागातून एक बाई आल्या. आठवडाभर ताप, प्लेटलेट कमी, लिव्हरचे एन्झाईम वाढलेले. डेंग्यू निगेटिव्ह. बाहेर व्हायडल किंचित पॉझिटिव्ह आली म्हणून टायफॉईडची सलाईनं चालू होती, ताप तसाच. अशा पेशंटला अंगभर तपासावं लागतं, आणि अंगभर म्हणजे खरंच अंगभर. काखेत, जांघेत, स्तनाखाली, साडीची गाठ बसते त्या कमरेच्या पट्ट्यात, कानामागं, केसांत. नर्सबाईंना सोबत घेऊन, पडदा ओढून, चांगल्या उजेडात. कमरेच्या पट्ट्याखाली सिगरेटचा चटका बसावा तशी काळी, न दुखणारी खपली सापडली. स्क्रब टायफस, म्हणजे झुडपातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप. डॉक्सिसायक्लिन सुरू केलं आणि दोन दिवसांत ताप उतरला. औषध काही रुपयांचं. ही खपली शोधायला शिकवणं, हे ते प्रशिक्षण.

तेव्हा प्रश्न असा: या शाखेच्या शिक्षणाची सुरुवात तरी आपण इथं करून देऊ शकतो का? डीएमची जागा मंजूर होईपर्यंत वाट बघत बसायचं का?

---

तांबडा_पांढरा

सर, एक साधा प्रश्न. एमडी मेडिसिनवाले ताप बघतातच की. मग यांच्याकडे नेमकं कोण जाणार?

---

शाहूपुरीकर

बघतातच, आणि बहुतेक ताप तिथंच बरे व्हायला हवेत. डेंग्यूच्या साध्या पेशंटला या तज्ज्ञाची गरज नाही.

गरज लागते ती निदान अडलं की. १९६१ साली पीटर्सडॉर्फ आणि बीसन यांनी अज्ञात कारणाच्या तापाची व्याख्या केली: १०१ फॅरनहाइटच्या वर, तीन आठवड्यांहून जास्त, आणि आठवडाभर अॅडमिट करून तपासूनही निदान नाही. अशा तापामागं टीबी निघतो, हृदयाच्या झडपेवरचं इन्फेक्शन निघतं, लिम्फोमा निघतो, क्वचित संधिवाताच्या जातीचा आजारही निघतो. म्हणजे आजार संसर्गाचा नाही हे छातीठोकपणे सांगणं, हेही याच डॉक्टरचं काम.

दुसरी गरज, निदान झालंय पण औषधच लागू पडेना तेव्हा. तिसरी, प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली असते तेव्हा: किडनी ट्रान्सप्लांट, केमो, संधिवाताची इंजेक्शनं. ट्रान्सप्लांट आणि केमो आता आपल्या भागातही होतात, पण त्यांच्यामागून येणारी इन्फेक्शनं सांभाळणारी माणसं तेवढ्या वेगानं तयार झाली नाहीत.

---

मिरजेची_मायक्रो

लॅबच्या बाजूनं लिहिते, कारण या चर्चेत लॅब नेहमी शेवटी येते.

डीएमच्या मुलांना मायक्रोबायोलॉजीची पोस्टिंग असते. ती नुसती पाहुण्यासारखी काढली तर काहीच हाती लागत नाही. सकाळी प्लेट उघडून त्यावर काय उगवलंय ते स्वतः बघायचं, ग्रॅम स्टेन स्वतः करायचा, आणि मग वॉर्डात जाऊन तो पेशंट बघायचा. असे काही महिने गेले की रिपोर्टवर न छापलेल्या गोष्टी दिसायला लागतात.

ब्लड कल्चरचंच घ्या, म्हणजे रक्तातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायची तपासणी. मोठ्या माणसाचं रक्त प्रत्येक बाटलीत आठ ते दहा मिली घ्यायचं, दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून दोन सेट, कातडी क्लोरहेक्सिडिननं पुसून, ते सुकू देऊन, आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी. आमच्याकडे प्रत्यक्षात काय येतं? एकच बाटली, तळाशी तीन मिली रक्त, आणि फॉर्मवर एक शब्द: "ताप". किती दिवसांचा, कोणती औषधं चालू, पेशंट काय काम करतो, काहीही नाही. त्यात मेरोपेनेम हे अँटिबायोटिक आधीच सुरू झालेलं. मग कल्चर निगेटिव्ह आलं की "लॅबमध्ये काही उगवत नाही" म्हणायचं. जंतूच पोहोचू दिले नाहीत तर ते उगवतील कुठून?

मेलिऑयडोसिस हा आजार उडुपी-मणिपालच्या पट्ट्यात पावसाळ्यात सापडतो. जंतू माती-पाण्यातला, नाव बर्खोल्डेरिया स्यूडोमॅलाय, गाठतो जास्त करून डायबेटिक माणसाला. न्यूमोनिया करतो, लिव्हर-प्लीहेत गळवं करतो, आणि बघता बघता माणूस दगावतो. लॅबमध्ये घाईनं बघितलं तर तो "स्यूडोमोनास" म्हणून रिपोर्ट होऊ शकतो. पण जेंटामायसिन आणि कोलिस्टिनला रेझिस्टंट, ऑक्सिडेज पॉझिटिव्ह, आणि अमॉक्सी-क्लॅवला मात्र सेन्सिटिव्ह अशी जोडी दिसली की आमच्या टेबलावर लाल दिवा लागायला हवा. तो लागतो कधी? वॉर्डातल्या डॉक्टरनं फोन करून "शेतकरी आहे, शुगर चारशे आहे, प्लीहेत गळवं आहेत" असं सांगितलं की. हा फोन करायची सवय लावणं मला सगळ्या लेक्चरांपेक्षा मोठं वाटतं.

---

शिरोळ_नदीकाठ

वाचतोय. आमच्याकडे २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरानंतर आशाताईंनी घरोघरी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटल्या होत्या. त्या पुरामागून येणाऱ्या लेप्टोसाठी होत्या, ते आज नीट कळलं.

---

दिल्लीतला_कोल्हापुरी

मी सध्या डीएमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. संस्थेचं नाव लिहीत नाही. दिवस कसा जातो ते सांगतो, म्हणजे त्या ताईंना अंदाज येईल.

सकाळी आपल्या वॉर्डचा राउंड. त्यानंतर रेफरन्स, म्हणजे बाकीच्या विभागांतून आलेली बोलावणी. न्यूरोसर्जरीतलं शंटचं, म्हणजे मेंदूतलं पाणी काढणाऱ्या नळीचं इन्फेक्शन, हिमॅटोलॉजीतला पांढऱ्या पेशी शून्यावर आलेल्या पेशंटचा ताप, ऑर्थोतला न भरणारा जखमी पाय. दुपारी लॅब मीटिंग, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी एचआयव्ही आणि टीबीची ओपीडी. शिवाय थीसिस. आणि हॉस्पिटल इन्फेक्शन कंट्रोलची पोस्टिंग: आयसीयूत कोण हात न धुता पेशंटला शिवतं, सेंट्रल लाइन किती दिवस विनाकारण ठेवली, कॅथेटर काढायचा राहिला का, ते बघायचं. हे काम कुणाला आवडत नाही, कारण त्यात सीनियर लोकांना टोकावं लागतं. माझ्या मते मात्र तीन वर्षांत सर्वांत जास्त जीव याच कामानं वाचतात.

अवघड काय, ते सांगतो. नवं अँटिबायोटिक सुरू करायला धैर्य लागत नाही. चालू असलेलं बंद करायला लागतं. ४८ ते ७२ तासांनी प्रत्येक पेशंटपाशी थांबून स्वतःला विचारायचं: इन्फेक्शन आहे याला पुरावा काय, कल्चर काय म्हणतं, अरुंद, म्हणजे मोजक्याच जंतूंवर चालणाऱ्या औषधावर येता येईल का, सलाईनमधून गोळीवर आणता येईल का, किती दिवसांनी थांबवायचं. आमचे एक सर राउंडला कुठलंही औषध वाचलं की एवढंच म्हणतात, "स्टॉप डेट?" पहिले काही महिने मला या प्रश्नाची भीती वाटायची. आता तो मी माझ्या ज्युनियरना विचारतो.

आणि सर्जनशी बोलायची रीत शिकावी लागते. फाइलमध्ये सल्ला लिहून निघून गेलं की कुणी वाचत नाही. ओटीच्या बाहेर गाठून, पेशंटचा स्कॅन सोबत दाखवून, "पू बाहेर काढल्याशिवाय कुठलंच औषध चालणार नाही" हे समोरासमोर सांगावं लागतं. कुठल्याच पुस्तकात हे नाही, पण रोज करावं लागतं.

---

गोठा_आणि_गवत

मी पशुवैद्यक, करवीर तालुक्यात. माणसांच्या डॉक्टरांच्या धाग्यात शिरतोय, पण विषय आमचाही आहे.

कोल्हापुरात दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध उभ्या उभ्या पिण्याची परंपरा आपल्या सगळ्यांच्या अभिमानाची. पैलवान तर त्यावरच वाढले. पण ब्रुसेलोसिस हा आजार कच्च्या दुधातून माणसात येतो, आणि त्याहून जास्त गाभडलेल्या म्हशीची वार हातमोज्यांशिवाय काढणाऱ्या माणसात येतो. आमच्या व्यवसायातल्यांनाही होतो. केंद्र सरकारच्या २०१९ च्या पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना ब्रुसेलाची लस दिली जाते. ती करून घ्या, दूध उकळून प्या, एवढं तरी लोकांना सांगा.

माझी खंत अशी की लांबलेला ताप, घाम आणि कंबरदुखी घेऊन गेलेल्या गवळ्याला डॉक्टर "म्हशी आहेत का, कुठली गाभडली का" हे विचारतच नाहीत. तुमच्या त्या प्रशिक्षणात आमच्यासोबत गोठ्यात एखादा दिवस ठेवा. मी घेऊन जाईन.

---

शाहूपुरीकर

गोठा_आणि_गवत, तुमचं आमंत्रण मी धरून ठेवतोय.

कंबरदुखीचा मुद्दा फार मोलाचा, तो जरा उलगडतो. ब्रुसेला मणक्यात गेला की जास्त करून कमरेच्या मणक्यांत बसतो. टीबी बहुतेकदा छातीच्या मागच्या मणक्यांत, पण कमरेतही होतो. एमआरआय दोन्हींत फसवू शकतो. आपल्याकडे मणका खराब दिसला की टीबीची औषधं सुरू होतात. त्यातलं रिफाम्पिसिन ब्रुसेलावरही चालतं. मग पेशंटला थोडं बरं वाटतं, डॉक्टरला वाटतं निदान बरोबर होतं, आणि महिन्या-दोन महिन्यांत दुखणं परत. याला उपाय म्हणजे मणक्यातून सुईनं नमुना घेऊन टीबीची सीबीनॅट (जनुकीय चाचणी) आणि कल्चर दोन्ही करणं, आणि ब्रुसेलाची शंका असेल तर लॅबला आधी कळवणं. हा जंतू लॅबमध्ये काम करणाऱ्यालाही लागतो. न सांगता नमुना पाठवला तर प्लेट उघडणाऱ्या तंत्रज्ञाच्या जिवाशी खेळ होतो.

म्हणूनच हिस्टरी घेणं हे या शाखेचं खरं हत्यार. व्यवसाय, जनावरं, प्रवास, पाणी कुठलं, घरात कुणाला टीबी, लैंगिक संबंध, टॅटू, इंजेक्शनं. या शेवटच्या गोष्टी विचारायला आपले निवासी डॉक्टर लाजतात, आणि पेशंटचे चार नातेवाईक खाटेभोवती उभे असताना विचारून तरी काय उपयोग. आधी सगळ्यांना बाहेर पाठवायचं, खुर्ची ओढून बसायचं, मग विचारायचं. हेसुद्धा शिकवावंच लागतं.

---

लाल_माती

डॉक्टरसाहेब, तालमीतला माणूस हाय, चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्या पोरांना अंगावर गोल गोल गजकर्ण व्हतंय, मेडिकलातनं ट्यूब आणून लावत्यात, दोन दिवस बरं वाटतंय, पुन्हा दुप्पट येतंय. एकाला झालं की सगळ्या तालमीत पसरतंय. ह्ये बी तुमच्याच खात्यात येतंय का?

---

कातडीवाली

लाल_माती दादा, हे माझ्या खात्यात, म्हणजे त्वचारोगात. पण प्रश्न अगदी योग्य जागी विचारलात.

त्या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधासोबत स्टेरॉईड असतं. स्टेरॉईडनं खाज आणि लाली दबते, बुरशी आतून पसरत राहते. अशा मलमांचा वापर बेसुमार झाल्यापासून भारतात गजकर्ण हट्टी झालंय, नेहमीच्या टर्बिनाफिनला दाद न देणारी बुरशीची जातही आता ओळखली गेलीय. पोरांना ती ट्यूब बंद करायला सांगा, टॉवेल-लंगोट प्रत्येकाचा वेगळा, गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवायचा, आणि चट्टा असेपर्यंत कुस्ती नाही. शेवटचं अवघड आहे, वस्तादांशी मी स्वतः बोलेन. तालीम कुठली ते व्यक्तिगत निरोपात कळवा.

---

मँचेस्टरहून_नमस्कार

मूळचा राजारामपुरीतला, इथं इन्फेक्शिअस डिसीजमध्ये काम करतो. ब्रिटनची पद्धत थोडक्यात सांगतो.

दोन वर्षं फाउंडेशन, तीन वर्षं इंटर्नल मेडिसिन, मग शाखेचं प्रशिक्षण. २०१५ पासून इथं संसर्गरोग आणि मायक्रोबायोलॉजी या दोन्हींच्या मुलांचं सुरुवातीचं दोन वर्षांचं प्रशिक्षण एकत्र केलंय. भावी क्लिनिशियन आणि भावी लॅबवाला एकाच टेबलावर शिकतात, त्यामुळे मिरजेच्या ताईंनी लिहिलेला तो फोन पुढे आयुष्यभर सहज होतो. माझ्या दृष्टीनं उचलण्यासारखी गोष्ट असेल तर हीच. तिला पैसा फारसा लागत नाही.

अमेरिकेत तीन वर्षांच्या मेडिसिननंतर दोन वर्षांची फेलोशिप असते. तिथं आता या शाखेच्या बऱ्याच जागा रिकाम्या राहतात. प्रोसिजर नाही, त्यामुळे उत्पन्न कमी. हे त्या मुलीला आधीच माहीत असावं.

आणखी एक. लंडन आणि लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय आजारांच्या शाळा १८९८-९९ च्या सुमाराला निघाल्या, आणि आजही तिथले डिप्लोमावाले मलेरिया-लेप्टो बघायला आफ्रिका-आशियात जातात. आपल्याकडे कलकत्त्याचं ट्रॉपिकल मेडिसिनचं स्कूल शंभर वर्षांहून जुनं आहे. परंपरा आपली आहे, तिला जिल्ह्यापर्यंत आणायचं राहून गेलं.

---

इचलकरंजीकर

तिसऱ्या भागाबद्दल, म्हणजे गावाबद्दल लिहितो. २०१२ च्या उन्हाळ्यात आमच्या इचलकरंजीत काविळीची साथ आली होती. हिपॅटायटिस ई. हजारो लोक आजारी, मृत्यूही झाले, आणि गरोदर बायकांसाठी ही कावीळ विशेष घातक. दवाखान्यात सलाईन लावून ती साथ थांबणार नव्हती. पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळत होतं. कुठल्या भागात पेशंट जास्त, त्या भागाचं पाणी कुठल्या टाकीतून येतं, गळती कुठं, हे नकाशावर मांडणारा माणूस लागतो.

माझं म्हणणं एवढंच की तुमच्या तज्ज्ञानं वॉर्डातून बाहेर पडून पाइपलाइनपर्यंत जायला शिकलं पाहिजे. नाहीतर तो फक्त महागड्या हॉस्पिटलचा डॉक्टर होईल.

---

शाहूपुरीकर

अगदी. २०१२ पासूनच आपल्या देशात साथरोग तपासाचं दोन वर्षांचं ईआयएस प्रशिक्षण एनसीडीसी, म्हणजे राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रामार्फत सुरू आहे, ते याच कामाचं. डीएमवाल्यानं तेवढं खोल जाणं शक्य नाही, पण एका तरी साथीच्या तपासात त्यानं पायपीट केलेली असावी.

---

कळंबा_रोड

मी डॉक्टर नाही. वडिलांचा अनुभव लिहिते. शहरातल्या एका मोठ्या खाजगी रुग्णालयात त्यांना तापासाठी ठेवलं होतं. दर दोन दिवसांनी अँटिबायोटिक बदलत गेले, प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा महाग. विचारलं की "हायर अँटिबायोटिक देतोय" एवढंच उत्तर. कल्चर पाठवलं तेव्हा तीन औषधं होऊन गेली होती. शेवटी पुण्याला नेलं, तिथं झडपेचं इन्फेक्शन निघालं. वडील आता बरे आहेत, पण ते दिवस आठवले की अजून झोप लागत नाही.

घरच्यांनी काय विचारायचं, तेवढं कुणी सांगाल का? आम्हाला भांडायचं नसतं, कळून घ्यायचं असतं.

---

दिल्लीतला_कोल्हापुरी

ताई, वडील बरे आहेत हे वाचून बरं वाटलं.

नम्रपणे तीन गोष्टी विचारा. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी कल्चर घेतलं का? इन्फेक्शन कुठल्या जागी आहे असा अंदाज आहे? हे औषध किती दिवसांसाठी आणि कधी पुन्हा विचार करणार? पेशंट शॉकमध्ये असेल तर मात्र कल्चरसाठी औषध अडवून धरू नका, तिथं पहिल्या तासाला किंमत असते. आणि प्रत्येक कल्चरच्या रिपोर्टची प्रत जवळ ठेवा. दुसऱ्या गावी गेल्यावर आम्ही सगळ्यात आधी तीच मागतो.

"हायर" या कल्पनेबद्दल थोडं. महाग औषध जास्त ताकदीचं असतं असं नाही. साध्या स्टॅफिलोकोकस जंतूवर जुनं सेफाझोलिन व्हॅन्कोमायसिनपेक्षा चांगलं काम करतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये अँटिबायोटिकचे तीन गट केले: नेहमी वापरायची, जपून वापरायची आणि राखून ठेवायची. राखीव औषध उगाच वापरलं की उद्याच्या पेशंटसाठी काही उरत नाही. २०१९ साली जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधप्रतिरोधी जिवाणूंमुळे झाले असा लॅन्सेटमध्ये आलेला अंदाज आहे.

---

हिशेबवही

मी हॉस्पिटल व्यवस्थापनात आहे, म्हणून न आवडणारी बाजू मांडतो. अँजिओप्लास्टी करणारा डॉक्टर स्वतःचा पगार आणि कॅथलॅबचा हप्ता काढतो. संसर्गरोगतज्ज्ञ आला की तो औषधं कमी करणार, आयसीयूतून पेशंट लवकर बाहेर काढणार, तपासण्या मोजक्या करणार. फार्मसीतलं उत्पन्न घटणार. कोल्हापूरसारख्या ठिकाणी साठ-सत्तर खाटांचं हॉस्पिटल त्याला कुठून पोसणार? मुलगी हुशार आहे, पण परत आल्यावर तिला केबिन कोण देणार, हे आजच विचारात घ्या.

---

मिरजेची_मायक्रो

प्रश्न रास्त आहे, पण वहीची एकच बाजू लिहिली गेलीय. ज्यांचं पॅकेज ठरलेलं असतं, म्हणजे सरकारी योजनेतले पेशंट आणि विम्यातले बरेचसे, त्यांच्यात आयसीयूचा प्रत्येक जादा दिवस हॉस्पिटलच्याच खिशातून जातो. सर्जरीनंतरचं इन्फेक्शन म्हणजे पुन्हा ओटी, पुन्हा औषधं, आणि तालुक्यात झालेली बदनामी. ती कुठल्या रकान्यात धरता?

आणि एका हॉस्पिटलनं पोसावंच कशाला? मिरज, सांगली, कोल्हापूर, इचलकरंजी मिळून एकच तज्ज्ञ आठवडा वाटून फिरू शकतो. आम्ही लॅबवाले असंच करत आलो आहोत.

---

हिशेबवही

पॅकेजचा मुद्दा मान्य. वाटून फिरण्याची योजना असेल तर आमच्याकडून एक दिवस मी मॅनेजमेंटपुढं मांडायला तयार आहे. लेखी द्या.

---

टिल्लारीच्या_अलीकडं

शाहूपुरीकर सरांनी लिहिलेली ती मुलगी मीच. सगळ्यांचे आभार.

माझं गाव चंदगड तालुक्यात. घाट उतरला की दोडामार्ग. २०१६ पासून सिंधुदुर्गात माकडतापाचे रुग्ण सापडतायत. गोचिडीतून होणारा हा आजार १९५७ साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. जानेवारीपासून उन्हाळ्यापर्यंतचा त्याचा काळ, आणि तोच काजू वेचायचा हंगाम. आमच्याकडच्या बायका त्याच काळात पलीकडं काजूच्या बागांत मजुरीला जातात. त्यांच्यातल्या कुणाला ताप आला तर गावातला डॉक्टर काय समजेल, आणि नमुना कुठं पाठवेल? मी या शाखेकडं वळले त्याचं कारण हे आहे. पैशाचं मँचेस्टरच्या सरांनी लिहिलं ते वाचलं, घरीही वाचून दाखवलं. आई म्हणाली, "परत येणार असशील तर जा."

प्रवेशपरीक्षेला अजून अवधी आहे. तोवर इथं राहून काय करू, ते सांगा. जिल्हा रेसिडेन्सीचे तीन महिनेही माझे व्हायचे आहेत.

---

शाहूपुरीकर

एमडीच्या प्रत्येक निवासी डॉक्टरला तीन महिने जिल्हा पातळीवर काम करणं आता राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं बंधनकारक केलंय. बहुतेकजण ते कसेबसे उरकतात. तुझे तीन महिने डोंगरपट्ट्यातल्या रुग्णालयात मिळावेत म्हणून मी अर्ज करायला सांगतो. तापाच्या प्रत्येक पेशंटची वही ठेव: पहिल्या दिवसाचं निदान, कोणता नमुना कधी पाठवला, शेवटी काय निघालं. डीएमच्या मुलाखतीसाठी नव्हे, तुझ्यासाठीच. शेवटचा रकाना भरायला पेशंटला फोन करावा लागेल, तो कर.

दुसरं, आमच्या युनिटमध्ये आठवड्यातून एक राउंड फक्त तापाच्या आणि अँटिबायोटिकवरच्या पेशंटचा ठेवायचं मी ठरवलंय. इतर युनिटच्या निवासी मुलांनाही येऊ दे. मिरजेच्या ताई, तुम्ही याल का?

---

मिरजेची_मायक्रो

गुरुवारी दुपारी माझं कॉलेज लवकर सुटतं, तीनपर्यंत पोहोचते. अट एकच. बुधवारी संध्याकाळपर्यंत पेशंटची यादी पाठवा: वय, व्यवसाय, ताप किती दिवसांचा, कोणती औषधं कोणत्या तारखेपासून. तुमच्याकडच्या लॅबला त्या पेशंटच्या प्लेट टाकून न देता ठेवायला सांगा. आधी सगळे मिळून प्लेट बघू, मग वॉर्डात जाऊ.

टिल्लारीच्या_अलीकडं, यादी तू करायचीस.

---

गोठा_आणि_गवत

गुरुवारी सकाळी माझी शिबिरं असतात. गोठ्यासाठी रविवार धरा, सकाळी सहाला. गमबूट मी देतो, हातमोजे तुम्ही आणा.

---

टिल्लारीच्या_अलीकडं

यादी बुधवारी येईल. रविवारी आम्ही चौघंजण येतोय, गाव आणि रस्ता निरोपात पाठवा.